भिंत सगळ्यात शेवटी

पत्र:

आमचा हॉल १४ बाय ११ फुटांचा, उंची १० फूट. खिडकी एकच. तिच्यातून उजेड येतो, पण ऊन कधीच येत नाही. १२ वर्षांनी खोली नव्याने करायला घेतली आहे. फरशी तांबूस तपकिरी, ती बदलणार नाही. सोफा डाळिंबी, तोही राहणार. यांना भिंती राखाडी हव्यात, मला फिकट शेवाळी. म्हणून मी जुन्या पिवळट क्रीम भिंतीवर चार सॅम्पल शेडचे चौकोन रंगवले आणि तीन आठवडे रोज त्यांच्याकडे बघतेय. दिवसा शेवाळी आवडतो, रात्री ट्यूबलाइटमध्ये तोच आजारी दिसतो. राखाडी मला निळा दिसतो, यांना तो राखाडीच वाटतो. सासूबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. त्या म्हणतात, सगळेच मळके दिसतात. त्यातच माझ्या वडिलांनी स्वतःच्या हाताने केलेलं लाकडी कपाट आहे. वडील आता नाहीत. नव्या खोलीत ते जुनाट दिसेल, पांढरं रंगवून टाक, असं सगळ्यांचं म्हणणं. रंगारी सोमवारपासून यायला तयार आहे. कुठला रंग घेऊ?

— चार चौकोनांसमोर बसलेली

उत्तर:

आधी रंगाऱ्याला फोन करा आणि तारीख पंधरा दिवस पुढे ढकला.

तुमच्या घरात कुणाची आवड वाईट नाही. तुम्ही तिघं तीन वेगवेगळे रंग बघताय आणि तिघंही खरं तेच सांगताय. मी आजवर ज्या बैठकीच्या खोल्या बिघडलेल्या पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी रंग वाईट नव्हता, क्रम चुकला होता. भिंतीचा रंग आधी ठरतो, आणि मग त्याला शोभतील असे पडदे, अभ्रे, गालिचे शोधत माणसं महिनोन्महिने हिंडतात. पडदे मोजक्याच रंगांत मिळतात. भिंतीचा रंग मात्र हजारो छटांमध्ये मिळतो, हवा तसा कालवून मिळतो. आणि तुमची फरशी व सोफा यांना तर एकच एक रंग आहे, तोही ठरलेला. मग जे बदलणार नाही तिथून सुरुवात करायची आणि ज्याला हजार पर्याय आहेत ते शेवटी ठरवायचं, हे सरळ आहे. म्हणून मी तुम्हाला काही दिवस भिंतीकडे पाठ करून बसायला सांगणार आहे.

पण चौकोनांचं कोडं आधी सोडवू. ते सुटल्याशिवाय तुमचं मन पुढे सरकणार नाही.

ऊन न येणाऱ्या खिडकीतून जो उजेड येतो तो आकाशाचा. उन्हाच्या मानाने तो निळसर असतो. राखाडी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक शेडमध्ये थोडा निळा, हिरवा किंवा जांभळा मिसळलेला असतो. शेडकार्डावरच्या बोटभर तुकड्यात तो कळत नाही, पण निळसर उजेड पडला की वर येतो. तुमचा राखाडी दिवसा निळा दिसतो तो यामुळे. तुमचे मिस्टर तोच चौकोन बहुधा रात्री, दिव्याखाली बघत असतील. त्यांना निळा दिसत नाही म्हणजे ते तुमचं म्हणणं खोडून काढताहेत असं नाही.

आता तो ट्यूबलाइट. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, उबदार उजेड, ४००० मधला, ६५०० म्हणजे थंड, निळसर पांढरा. त्याच खोक्यावर कधीकधी आणखी एक आकडा असतो, सीआरआय. त्या दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो, आणि त्याची कमाल १०० असते. बैठकीच्या खोलीसाठी ९० किंवा त्याहून जास्त बघून घ्या. हा आकडा कमी असलेल्या दिव्यांत लाल रंगांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. तुमचा डाळिंबी सोफा रात्री मरगळलेला दिसत असेल, तर कापड जुनं झालं असं लगेच समजू नका. दिवा बदलून बघा.

म्हणून पहिली खरेदी रंगाची नाही, दिव्यांची. छताजवळच्या एका ट्यूबलाइटवर अख्खी खोली उजळली की सगळं सपाट दिसतं आणि बसलेल्या माणसांच्या डोळ्यांखाली सावल्या पडतात. त्याऐवजी तीन ठिकाणी उजेड असू द्या: एक वर, एक सोफ्याच्या बाजूला उभा किंवा टेबलावरचा, आणि एक कपाटाजवळ. तिन्ही दिवे एकाच केल्विनचे घ्या. ३००० च्या आसपास राहिलात तर तुमची फरशी आणि सोफा दोन्ही खुलतील. वाचणारं किंवा शिवणकाम करणारं कुणी असेल तर त्या जागी उजेड जास्त हवा, पण त्यासाठी दिव्याची क्षमता वाढवा, पांढरेपणा नको.

हे मी अनुभवाने सांगते. माझ्या स्वतःच्या घरी मी भर दुपारी दुकानात उभं राहून एक कोवळा पिवळा निवडला होता. रंगकाम संपलं, रात्री नवा पांढरा ट्यूबलाइट लावला आणि अख्खी खोली हिरवट झाली. तेव्हा मला वाटलं रंगच चुकीचा आला. मी सात वर्षं त्या हिरवट पिवळ्यात राहिले आणि रोज संध्याकाळी मला त्याचं वाईट वाटायचं. शेवटी एक पिवळसर दिवा लावून पाहिला तेव्हा कळलं, मी निवडलेला रंग त्या भिंतीवर होताच, इतकी वर्षं मी त्याला चुकीच्या उजेडात बघत होते.

संध्याकाळची आणखी एक गंमत लक्षात घ्या, कारण बैठकीच्या खोलीत माणसं खरी जमतात ती संध्याकाळी. दिवे लावायच्या आधीच्या अंधूक वेळी आपले डोळे लाल रंगाला कमी दाद देऊ लागतात, आणि निळे-हिरवे रंग तुलनेने उजळ वाटतात. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवलं. लाल फुलं दिवसा पानांपेक्षा तेजस्वी दिसतात, आणि उजेड ओसरला की तीच पानांहून काळी. तुमचा सोफा तिन्हीसांजेला काळपट ढिगासारखा दिसत असणार. त्यावर दोन-तीन फिकट अभ्रे टाकले की तो त्या वेळीही सोफा राहतो.

उजेडाइतकंच महत्त्वाचं म्हणजे शेजार. तुम्ही चौकोन रंगवले ते जुन्या पिवळट भिंतीवर. डोळा एकटा रंग कधी बघत नाही, तो शेजारच्या रंगाशी ताडून बघतो. पिवळट भिंतीच्या मधोमध राखाडी चौकोन ठेवला की तो असतो त्याहून निळा-जांभळा भासतो. पॅरिसच्या गोब्लँ या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात १८२४ मध्ये मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख झाले. काळा धागा फिका दिसतो, अशी तिथे तक्रार होती. त्यांनी तो काळा इतर ठिकाणच्या चांगल्या काळ्यांशी ताडून पाहिला. काळ्यात काही खोट नव्हती. निळ्या आणि जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला की तो दुबळा दिसायचा. म्हणजे दोष रंगाईचा नव्हता, शेजाराचा होता. शेव्रलांनी पुढे वर्षानुवर्षं याच गोष्टीचा अभ्यास केला आणि १८३९ मध्ये तो प्रसिद्ध केला. तुम्हीही गेले तीन आठवडे रंग नाही, शेजार बघताय.

तेव्हा ते चौकोन पांढऱ्या प्रायमरने पुसून टाका. दोन बाय अडीच फुटांचे पांढरे जाड पुठ्ठे आणा. कडेला दोन इंच पांढरी किनार सोडून मध्ये सॅम्पलचे दोन हात द्या आणि पूर्ण दिवस वाळू द्या. पाण्यात कालवलेले रंग बहुधा ओले असताना फिकट दिसतात आणि वाळल्यावर गडद होतात. मग ते पुठ्ठे घेऊन खोलीभर हिंडा. सोफ्यामागे धरा, खिडकीच्या भिंतीवर धरा, खिडकीसमोरच्या भिंतीवर धरा. फरशीला टेकवून उभे करा, कारण भिंत फरशीलाच टेकणार आहे. आणि एकाच शेडचे दोन पुठ्ठे कोपऱ्यात काटकोनात ठेवून नक्की बघा. समोरासमोरच्या आणि काटकोनातल्या भिंती एकमेकींवर उजेड टाकतात. दर वेळी उजेड भिंतीवर आपटून परततो तेव्हा तो त्या भिंतीचा रंग थोडा सोबत आणतो. म्हणून चारही भिंती रंगल्यावर रंग चौकोनातल्यापेक्षा गडद आणि भडक वाटतो. शेडकार्डावर जो आवडेल त्याहून एक पायरी फिकट आणि थोडा अधिक करडा घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते.

आता राखाडी की शेवाळी.

अल्बर्ट मन्सेल नावाच्या अमेरिकन चित्रकार-शिक्षकाने २० व्या शतकाच्या सुरुवातीला रंगांची एक मांडणी केली, ती आजही वापरात आहे. त्यांच्या मते रंगाला तीन प्रश्न विचारावे लागतात. हा कुठला रंग आहे, म्हणजे लाल, पिवळा, हिरवा वगैरे? तो किती उजळ आहे? आणि तो किती तीव्र आहे, म्हणजे करड्यापासून किती दूर? तुमच्या घरातला वाद सगळा पहिल्या प्रश्नावर चालू आहे. खोलीचं रूप मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर जास्त ठरतं. फिकट आणि मंद हिरवा व फिकट आणि मंद राखाडी हे शेजारी-शेजारी राहणारे रंग आहेत. तुम्ही दोघं समजता त्यापेक्षा तुमच्या आवडी खूप जवळ आहेत.

तुमची फरशी तांबूस, सोफा डाळिंबी. खोलीचा खालचा अर्धा भाग लाल कुळातला आहे. रंगचक्रात लालाच्या समोर हिरवा असतो. लालाशेजारी ठेवलेला कुठलाही तटस्थ रंग डोळ्याला थोडा हिरवटच भासतो, म्हणजे ही खोली स्वतःच हिरव्याकडे ओढ घेतेय. पण हिरवा तीव्र झाला की लालाशी त्याची झुंज सुरू होते आणि दोघंही डोळ्यांना टोचतात. तुम्हाला हवा आहे तो पानाच्या मागच्या बाजूचा हिरवा. पुढची बाजू तकतकीत, गडद. मागची फिकी, करडी, पावडर फासल्यासारखी. त्यात झाक पिवळ्याची असावी, निळ्याची नको, कारण निळेपणा तुमची खिडकी फुकट देतेच आहे. निळसर हिरवा घेतलात तर दिवसभर खोली गारठल्यासारखी वाटेल.

आणि मिस्टरांना म्हणावं, राखाडीचा आग्रह चुकीचा नाही, फक्त तो राखाडी ओल्या वाळूचा हवा, पावसाळी ढगाचा नको. माझ्या मते या दोन पुठ्ठ्यांतूनच निवड व्हावी: पानाच्या मागच्या बाजूचा हिरवा, आणि ओल्या वाळूचा करडा. मला स्वतःला या खोलीत पहिला अधिक पटतो.

उजळपणाचं म्हणाल तर काही शेडकार्डांवर शेडच्या मागे एलआरव्ही असा आकडा असतो. भिंत किती उजेड परतवते ते तो दाखवतो. काळा शून्याच्या जवळ, शुभ्र पांढरा १०० च्या जवळ. ऊन न येणाऱ्या तुमच्या खोलीत मी ६० ते ७० च्या दरम्यान राहीन. त्याखाली गेलात तर दिवसाही दिवा लावावा लागेल. फार वर गेलात, म्हणजे ८५ च्या पांढऱ्यावर, तर अशा उजेडात पांढरा पांढरा दिसतच नाही, कोपऱ्यांत तो निळसर करडा होतो. लहान किंवा अंधाऱ्या खोलीला पांढरा फासा हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण पांढऱ्याला खुलायला ऊन लागतं.

एक सोपी परीक्षा सांगते. पुठ्ठे सोफ्यामागे ठेवून फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. रंग गेले की फक्त उजळपणा उरतो. भिंत, सोफा, फरशी, कपाट यांत निदान तीन वेगळ्या पायऱ्या दिसल्या पाहिजेत: एक गडद, एक मधली, एक फिकट. सगळंच एका करड्यात विरघळलं तर खोली मरगळलेली वाटणार, मग रंग कितीही सुंदर असोत. तुमच्याकडे सोफा गडद, फरशी मधली. फिकट पायरी भिंतीला आणि गालिच्याला द्यायची आहे.

सासूबाईंचं म्हणणं मी मुद्दाम वेगळं काढून ठेवलं होतं, कारण या सगळ्यात तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं. मोतीबिंदूत ते गढूळही होतं. पिवळ्या भिंगातून निळा आणि जांभळा रंग कमी पोचतात, पांढरं पिवळट दिसतं, आणि मंद छटांमधला फरक हरवतो. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून मात्र निळा पुन्हा लख्ख येऊ लागतो. फ्रेंच चित्रकार मोने यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं, आणि नंतर सगळं फार निळं दिसतं अशी त्यांची तक्रार होती. सासूबाईंना एकदा एक डोळा झाकून आणि मग दुसरा झाकून तोच पुठ्ठा दाखवा. त्यांना दोन वेगळे रंग दिसले तर त्यांनाच नवल वाटेल, आणि त्यांचं 'मळके' म्हणणं तुम्हालाही नीट कळेल. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय, तेव्हा आज त्यांना आवडलेला रंग तेव्हा वेगळा दिसेल. त्यांचं मत जरूर घ्या, पण त्यांना त्याहून मोठी गरज आहे ती फरकाची.

म्हणजे असं. तांबूस फरशीवर डाळिंबी सोफा. कृष्णधवल फोटोत त्यांची सीमा किती दिसते बघा. बसताना सोफ्याची कड नीट दिसली नाही की माणूस अंदाजाने बसतं, आणि पडतं. सोफ्याच्या बसायच्या कडेशी फिकट चादरीची पट्टी किंवा सोफ्यापुढे फिकट गालिचा असला की कड उठून दिसते. गालिच्याखाली न घसरणारी जाळी घाला आणि त्याचे कोपरे चिकटवून टाका. ते शक्य नसेल तर गालिचा नकोच. दाराची चौकट भिंतीपेक्षा स्पष्ट वेगळी असू द्या. दिव्यांची बटणं भिंतीच्या रंगात मिसळून जाणारी नकोत. टिपॉय काचेचा असेल तर तो हलवा. काच त्यांना दिसत नाही, आणि दिव्याची तिरीप मात्र डोळ्यांत जाते. दिवे झाकलेले घ्या, उघडा बल्ब नजरेसमोर नको. भिंतीला चकाकी नसलेला मॅट रंग द्या, म्हणजे ती डोळ्यांवर चमकणार नाही.

निळ्याने शांत वाटतं, पिवळ्याने उत्साह येतो, लालाने राग वाढतो, असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगेल. १९७९ मध्ये अमेरिकेत एका तुरुंगाची कोठडी विशिष्ट गुलाबीने रंगवली आणि त्याने कैदी शांत होतात असा गाजावाजा झाला. नंतरच्या काटेकोर अभ्यासांत तो परिणाम टिकला नाही. तुम्हाला एखादा रंग का आवडतो याला तुमचं कारण पुरे.

आता कपाट. ते रंगवू नका.

हे मी केवळ भावनेपोटी म्हणत नाही, जरी भावना हे पुरेसं कारण आहे. तुमच्या खोलीत लाल कुळाचा सोफा आहे, लाल कुळाची फरशी आहे, समोर फिकट हिरवट भिंत येणार आहे. या दोघांना जोडणारा रंग लाकडाचा तपकिरी असतो. त्यात लालही आहे, पिवळाही. ते कपाट पांढरं केलंत तर खोलीतला दुवाच निघून जाईल आणि मग तुम्ही तोच तपकिरी दुसऱ्या एखाद्या नव्या वस्तूत शोधत फिराल. शिवाय जुन्या लाकडावर एकदा रंग चढला की तो परत काढताना जोड, कडा, हाताच्या खुणा घासल्या जातात. वडिलांनी रंधा मारलेली कड पुन्हा मिळत नाही.

ते जुनाट दिसतं याचं कारण ते बहुधा कोपऱ्यात, ट्यूबलाइटखाली, पिवळट भिंतीला टेकून, वर सामानाचा ढीग घेऊन उभं असेल. पिवळट तपकिरी लाकूड पिवळट भिंतीवर मिसळून जातं. तेच कपाट फिकट हिरवट करड्यापुढे ठेवा, कोरड्या मऊ फडक्याने पुसा, मग हलकं पॉलिश करा. आधी मागच्या बाजूला बोटभर जागेवर करून बघा. वरचं सामान उतरवा. शेजारी तो तिसरा दिवा लावा. दारातून आत आल्यावर पहिली नजर जिथे पडते त्या भिंतीशी त्याला जागा द्या. जुनी वस्तू कोपऱ्यात ठेवली तर मोडकी दिसते, मानाने ठेवली तर तिचा काळ दिसतो. बाकी लाकूड, म्हणजे टिपॉय, चौकटी, पडद्याचा रॉड, याच्या दोनच छटा खोलीत असू द्या, आणि त्यांतली एक या कपाटाची.

बाकीच्या सजावटीत फार गुंतू नका. पडदे खिडकीच्या चौकटीवर नाही, तिच्यावर वीतभर उंच लावा आणि रॉड दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर काढा, म्हणजे उघडल्यावर काच पूर्ण मोकळी राहील. तुमच्याकडे एकच खिडकी आहे, तिचा एक इंचही झाकू नका. कापड रॉडच्या लांबीच्या दुप्पट ते अडीचपट घेतलं तर चुण्या भरदार पडतात. रंग भिंतीच्याच कुळातला, जरा फिकट. गालिचा छोटा घेऊ नका. सोफ्याचे निदान पुढचे पाय त्यावर यायला हवेत, नाहीतर तो खोलीच्या मध्ये विसरलेल्या पायपुसण्यासारखा वाटतो. सोफा आणि टिपॉय यांत दीड फूट अंतर, चालायच्या वाटेला अडीच ते तीन फूट, सासूबाईंसाठी तीनच. चित्रं किंवा फोटो लावताना मध्यबिंदू फरशीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा. बहुतेक घरांत ती फार उंच लावलेली असतात.

आणि चौथा मोठा रंग आणू नका. डाळिंबी, लाकडाचा तपकिरी, भिंतीचा हिरवट करडा, एवढं पुष्कळ आहे. खोलीत ठिणगी हवी असेल तर एखादा अभ्रा गेरूचा किंवा अबोलीचा, आणि तोच रंग समोर एखाद्या फोटोच्या चौकटीत. एकाच ठिकाणी दिसलेला रंग चुकून पडल्यासारखा वाटतो, दोन ठिकाणी दिसला की ठरवून ठेवलेला वाटतो.

रंगारी यायच्या आधी भिंतींवर हात फिरवा. पोपडे, फुगवटे, पांढरी भुकटी किंवा गार ओलसरपणा जाणवला तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. ओलीवर कितीही महाग रंग दिला तरी तो सुटतो. इमारत जुनी असेल तर खालच्या थरांत शिसं असलेला रंग असू शकतो. तो कोरडा घासून धूळ उडवू नका. ओल्या पद्धतीने, दारं बंद करून घासून घ्या, आणि त्या दिवसांत सासूबाई व लहान मुलं असतील तर ती दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या घरी असू द्या. मग लांबी (पुट्टी), मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. प्रायमर वाचवू नका. जुना पिवळा खालून डोकावत राहतो.

तुमच्या चार भिंती मिळून साधारण ५०० चौरस फूट होतात. दार-खिडकी वजा केली तर सव्वाचारशेच्या आसपास, म्हणजे जवळपास ४० चौरस मीटर. गुळगुळीत, प्रायमर दिलेल्या भिंतीवर एक लिटर रंग एका हाताला साधारण १० ते १२ चौरस मीटर जातो. दोन हातांना साडेसहा ते आठ लिटर लागेल. तरी डब्यावरचा आकडा बघा. सगळा रंग एकाच वेळी आणा आणि डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या, कारण वेगवेगळ्या वेळी कालवलेल्या रंगात बारीक फरक पडू शकतो आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध उमटतो. शेडचा क्रमांक लिहून कपाटाच्या दाराआत चिकटवा आणि वाटीभर रंग घट्ट झाकून ठेवा, पुढे ओरखडे झाकायला लागतो. छताला फटफटीत पांढरा नको. भिंतीच्या रंगाचा थेंब मिसळलेला मोतिया द्या.

या आठवड्यात तुम्ही एवढंच करा. दिवे आणा आणि लावा. दोन दिवस त्या उजेडात जुन्याच भिंतींसह बसा. मग दोन्ही पुठ्ठे कपाटाच्या मागे उभे करा, संध्याकाळी दिवे लागल्यावर तिघं सोफ्यावर एका ओळीत बसा, सासूबाईंना मध्ये घ्या. सकाळी पुन्हा बसा. ज्या पुठ्ठ्यापुढे कपाट दोन्ही वेळा चांगलं दिसेल, त्याचा क्रमांक रंगाऱ्याला कळवा.